डिकीतल्या वूफरचं तोंड कुठे?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या ॲक्सेसरीजची दुकानं ओळीनं आहेत. बाहेर सीट कव्हरं आणि मॅट टांगलेल्या, आत काळ्या कार्पेटनं मढवलेले वूफरचे खोके. त्यातल्या कुठल्याही तीन दुकानांत "डिकीत वूफरचं तोंड कुठल्या बाजूला करायचं?" असं विचारलं, तर तीन उत्तरं मिळण्याची शक्यता दांडगी. एक सांगेल मागे, डिकीच्या दाराकडे. दुसरा म्हणेल पुढे, सीटकडे, म्हणजे आवाज थेट कानावर येतो. तिसरा खोका आडवा टाकून तोंड वर करून देईल, कारण त्याच्याकडे तसाच खोका शिल्लक आहे. तिघांचीही गिऱ्हाइकं खूश होऊन जातात. यात फसवणूक फारशी नाही. बेसच्या आवाजाचा स्वभावच असा आहे की चुकीच्या कारणानं दिलेला सल्लाही पुष्कळदा चालून जातो.

गाडीतला वूफर वाजवतो तो साधारण २० ते ८० हर्ट्झचा पट्टा. फार तर १०० पर्यंत. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याला कंपनसंख्येनं भागलं की लाटेची लांबी मिळते. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटरची, ४० हर्ट्झची ८.६ मीटरची आणि २० हर्ट्झची तर १७ मीटरची. मारुतीची स्विफ्ट बंपरपासून बंपरपर्यंत ३.८६ मीटर आहे. म्हणजे ढोलाचा एक घुमारा पुरता मावायला दोन स्विफ्ट एकापुढे एक उभ्या केल्या तरी कमीच पडतील. आता १२ इंची वूफर म्हणजे ३० सेंटिमीटरची चकती. तिनं ८.६ मीटरची लाट एका बाजूला नेमकी फेकावी ही अपेक्षाच चुकीची. लाटेपेक्षा उगम खूप लहान असला की आवाज चहूकडे सारखा पसरतो. ट्वीटरचं उलट असतं. १० हजार हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची, त्यामुळे ट्वीटर कानाकडे वळवला की फरक लगेच कळतो. वूफरला असा नेमच नसतो.

पण मग तोच खोका फिरवल्यावर आवाज बदलतो कसा? कारण बदलतो, आणि चांगलाच बदलतो. खोका फिरवला की पडदा डिकीच्या दारापासून, सीटपासून, बाजूच्या पत्र्यापासून वेगळ्या अंतरावर जातो. खरा फरक या अंतरांनी पडतो. वूफरची दिशा हा मुळात भिंतीपासूनच्या अंतराचा प्रश्न आहे, आणि अंतर जुळलं की उरतो तो वायरींच्या प्लस-मायनसचा. बाकी बरंचसं दिसण्याचं आणि जागेचं.

अंतराचा हिशेब असा. वूफरमधून निघालेला आवाज थेट पुढे येतो, आणि तोच मागच्या दारावर आपटून परतूनही येतो. परतणारा आवाज पडद्यापासून दारापर्यंतचं अंतर दोनदा चालून आलेला असतो. हे जादा चालणं जर बरोबर अर्ध्या लाटेइतकं झालं, तर थेट आवाज हवा दाबत असताना परतलेला आवाज ती विरळ करतो, आणि दोघं मिळून एकमेकांना खातात. म्हणजे दारापासून पाव लाटेच्या अंतरावर पडदा असला की ती कंपनसंख्या गायब. ३० सेंटिमीटर अंतर असेल तर पाव लाटेची ही कंपनसंख्या २८६ हर्ट्झ येते. तिथे वूफर वाजतच नाही, म्हणून नुकसान शून्य, आणि त्याखालचे दोन्ही आवाज एकमेकांना साथ देतात. हॅचबॅकमध्ये खोका सीटला टेकवून तोंड मागे केलं की पडदा आणि दार यांच्यात एवढंच अंतर उरतं. "मागे तोंड" हा सल्ला छोट्या गाडीत बरोबर ठरतो तो त्यामुळे.

आता तोच सल्ला सात सीटच्या गाडीत नेऊ. तिसरी रांग दुमडली, खोका दुसऱ्या रांगेच्या पाठीला लावला, तोंड मागे केलं. पडद्यापासून दार १ मीटरवर गेलं. पाव लाट १ मीटर म्हणजे पूर्ण लाट ४ मीटर, म्हणजे ८६ हर्ट्झ. तबल्याच्या डग्ग्याचा आणि ड्रमच्या ठोक्याचा जो भरदार भाग असतो, नेमका तिथे खड्डा. मालक मग ॲम्प्लिफायरचा गेन वाढवत बसतो. गेन वाढवून काही होत नाही. थेट आवाज वाढतो तसा परतणाराही वाढतो आणि खड्डा जिथल्या तिथे राहतो. अशा गाडीत खोकाच मागे सरकवून दाराजवळ न्यावा, दाराशी हातभर जागा ठेवावी. खोका कोपऱ्यात बसला तर आणखी बरं, कारण दोन-तीन पृष्ठभाग मिळून आधार देतात. सीट, माणसं, सामान, काचा या साध्या हिशेबाला थोडी मुरड घालतात हे खरं, पण खोका कुठे ठेवून पाहायचा हे त्यातून कळतं.

सेडानची गोष्ट निराळी. तिथे डिकी आणि प्रवाशांची जागा यांच्यामध्ये सीटची पाठ, पत्रा आणि वर पार्सल ट्रे. मागे तोंड केलं तर आवाज डिकीत घुमतो, पत्रा थरथरवतो, नंबरप्लेट वाजवतो आणि उरलेला आत येतो. सीटची पाठ दुमडणारी असेल किंवा मधला आर्मरेस्ट उघडून डिकीत हात जात असेल, तर खोक्याचं तोंड पुढे करून त्या भोकाभोवती फोमनं नीट बंदिस्त करणं हा चांगला उपाय आहे. मग डिकी वेगळी पडते आणि खडखडाटही कमी होतो. हे काम वेळखाऊ असतं, म्हणून दुकानदार सहसा सुचवत नाही. नंबरप्लेटचं म्हणाल तर तिच्यामागे फोमची पट्टी लावली तरी निम्मी कटकट जाते.

पडदा कुठल्याही पृष्ठभागाकडे वळवा, मध्ये फट किती ठेवायची? पडद्यानं ढकललेली हवा फटीच्या कडेनं बाहेर पडते. ती गुदमरू नये म्हणून कडेचं क्षेत्रफळ निदान पडद्याच्या क्षेत्रफळाएवढं हवं. शाळेतली भूमिती लावली तर उत्तर मिळतं व्यासाचा एक चतुर्थांश. १२ इंची वूफरचा हलणारा भाग २६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. १० इंचीला ५ सेंटिमीटर चालतील. याहून कमी फट ठेवली की अडकलेल्या हवेचं वजन पडद्याला चिकटल्यासारखं होतं आणि आवाज मंद, चिखलासारखा येतो. खोक्याला पोर्ट, म्हणजे हवा जाण्या-येण्याचं नळकांडं असेल, तर त्याच्या तोंडासमोरही निदान त्याच्या व्यासाएवढी जागा मोकळी हवी. पोर्ट सीटच्या पाठीला चिकटवून ठेवलेले खोके सर्रास दिसतात. तसंच करायचं तर पोर्टच्या खोक्याला जादा पैसे मोजलेच का, हा प्रश्न पडतो.

गाडीतल्या बेसला आणखी एक भेट फुकट मिळते, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. प्रवाशांची जागा आतून अडीच मीटर लांब धरली, तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लाटही आत मावत नाही. अशा वेळी आत लाट म्हणून काही फिरतच नाही. बंद तोंडाच्या सायकल पंपात दट्ट्या दाबला की सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो, तसा पूर्ण केबिनचा दाब एकदम वर-खाली होतो. जितकी कंपनसंख्या खाली, तितका हा फायदा जास्त. हिशेबानं दर सप्तकाला १२ डेसिबल. प्रत्यक्षात काचा आणि छप्पर थोडे लवचीक, दारांच्या रबरातून हवा झिरपते, म्हणून मिळतो त्याहून कमी. पण योगायोग असा की पूर्ण बंद खोक्यातला वूफर आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येखाली नेमका दर सप्तकाला १२ डेसिबलनंच उतरतो. एक उतरतो, दुसरं चढतं. म्हणून घरच्या हॉलमध्ये पुळचट वाटणारा छोटा बंद खोका गाडीत छाती दणाणवतो. बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरण्याची ही युक्ती अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये घरच्या स्पीकरसाठी बाजारात आणली. गाडीत ती जास्त फळली, असं माझं मत. खातरजमा करायची असेल तर गाणं चालू ठेवून एक काच चार बोटं खाली करा. वरचा आवाज तसाच राहतो आणि सगळ्यात खोल बेस निसटून जातो. सांगली-कोल्हापूरकडे ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात त्या मिरवणुकीच्या भिंतींना १८ इंची स्पीकरांच्या रांगा लागतात त्या याच कारणानं. उघड्या रस्त्यावर दाब धरून ठेवायला केबिनच नसते.

आता वर आणि खाली तोंड करण्याबद्दल. वूफर आडवा ठेवला की पडदा स्वतःच्या वजनानं लोंबेल आणि हळूहळू वाकडा होईल, अशी एक भीती बऱ्याच जणांच्या मनात असते. पडदा दोन ठिकाणी टांगलेला असतो: कडेची रबराची किंवा फोमची गोट, आणि आत कॉइलजवळची सुरकुत्यांची कापडी चकती, जिला स्पायडर म्हणतात. पडदा किती लोंबेल हे काढायला त्याचं वजनही मोजावं लागत नाही आणि स्पायडरचा ताठपणाही. दोन्ही मिळून वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या ठरते, आणि ती कागदावर 'एफ एस' म्हणून छापलेली असते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात जे गणित बसवलं, त्यामुळे आज वूफरच्या खोक्यावर हे आकडे मिळतात. एफ एस ३० हर्ट्झ असेल तर आडवा ठेवल्यावर पडदा ०.२८ मिलिमीटर लोंबतो. २० हर्ट्झला ०.६२ मिलिमीटर. गाडीचे बहुतेक वूफर २५ ते ३५ हर्ट्झमधले, आणि वाजताना त्यांचा पडदा एका बाजूला १० मिलिमीटर सहज सरकतो. त्याच्या ५ टक्क्यांच्या आत लोंबणं असलं तर चिंता नको, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेव्हा खुशाल आडवा ठेवा. घरच्या जुन्या, मऊ टांगणीच्या, फार खाली वाजणाऱ्या मोठ्या वूफरांना मात्र ही भीती खरी लागू पडते; तो नियम गाडीत उगाच आला.

वर तोंड केल्यावर त्रास होतो तो सामानाचा. आपल्या डिकीत मे महिन्यात आंब्याच्या पेट्या येतात, गावाहून येताना नारळ आणि तांदळाची गोणी येते. वर तोंड केलेल्या वूफरवर जाळी नसेल तर पहिल्याच खेपेला पडद्याला भोक. खाली तोंड केलं तर पडदा सुरक्षित राहतो, फक्त खोक्याला वर सांगितल्याएवढे उंच पाय हवेत आणि डिकीतली मॅट सुटून पडद्याला लागता कामा नये. आणि एक गोष्ट कुठल्याही दिशेला लागू: खोका बांधा. १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा खोका आणि आतलं चुंबक मिळून २० किलोच्या पुढे जातात. जोरात ब्रेक लागला की हे वजन सीटच्या पाठीवर येतं. डिकीच्या तळाशी असलेल्या हुकांना पट्ट्यानं आवळून बांधायला दहा मिनिटं लागतात.

काही शौकीन वूफर उलटाच बसवतात: पडदा खोक्याच्या आत, चुंबक बाहेर. चकचकीत चुंबक दिसतं, बाहेरच्या हवेमुळे ते थोडं गारही राहतं, आणि वूफरच्या सांगाड्यानं खोक्यातली जागा व्यापली जात नाही. खोका लहान असेल तर हा खरा फायदा आहे. पण इथे दोन सापळे आहेत. वायर जोडायची टोकं आता बाहेर उघडी असतात. त्यांच्यावर जॅकचा लोखंडी दांडा पडला तर शॉर्ट झालंच म्हणून समजा. दुसरा सापळा प्लस-मायनसचा. खोका कुठल्याही बाजूला वळवा, पडदा खोक्याबाहेर आला की गाडीतली हवा दाबली जाते. मागे तोंड असो वा वर, त्यात बदल नाही. मात्र वूफरच उलटा बसवला की पडदा 'पुढे' जातो तेव्हा तो खोक्याच्या आत जातो आणि गाडीतली हवा विरळ होते. म्हणून उलट्या वूफरच्या वायरी अदलाबदल करून जोडायच्या.

शंका असेल तर घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घ्या. ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवा, वूफरच्या तारेच्या प्लसला सेलचं वरचं टोक आणि मायनसला खालचं टोक क्षणभर टेकवा. 'टप्' असा आवाज होऊन पडदा जागचा हलतो. सरळ बसवलेल्या वूफरचा पडदा तुमच्याकडे आला पाहिजे. तो आत ओढला गेला तर कुठेतरी वायरी उलट्या आहेत. उलट्या बसवलेल्या वूफरमध्ये चुंबकाच्या कडेच्या फटीतून पाहिलं की पडदा तुमच्याकडे, म्हणजे बाहेर, सरकताना दिसला पाहिजे. डोळ्यांना दिसलं नाही तर बोट हलकेच ठेवून जाणवतं. सेल फार वेळ धरून ठेवू नये, एवढंच पथ्य.

दोन वूफर असले की या दिशांचा खेळ वाढतो. एक सरळ आणि एक उलटा बसवून उलट्याच्या वायरी फिरवल्या, तर दोघं मिळून एकाच वेळी हवा दाबतात, पण एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा आपल्या चुंबकाकडे जात असतो. वूफर पुढे आणि मागे अगदी सारखा हलत नाही, त्यातून येणारी विकृती या जोडीत बरीचशी आपोआप पुसली जाते. दुसरा प्रकार खोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन वूफर, दोघांच्या वायरी सरळ. दोन्ही पडदे एकदम बाहेर, एकदम आत. त्यांचे धक्के एकमेकांविरुद्ध जाऊन खोका जागचा हलत नाही. खडखडणाऱ्या गाडीत हे कामाचं आहे. तिसरा, दोन वूफर तोंडाला तोंड लावून, एकाच्या वायरी उलट्या करून, दोघांनी मिळून एकाचंच काम करायचं. ही अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांची १९५० च्या दशकातली कल्पना. खोका निम्म्या आकाराचा पुरतो, पण पैसे आणि वॅट दुप्पट जातात. मला विचाराल तर गाडीत दुसऱ्या वूफरचे पैसे चांगल्या वायरींवर घालावेत.

वायरींकडे वळण्याआधी कॉइलचा हिशेब. हल्लीच्या बऱ्याच वूफरांना एकाच पडद्यावर दोन कॉइल असतात आणि मागे टोकांच्या दोन जोड्या. ४ ओमच्या दोन कॉइल एकामागे एक जोडल्या तर ८ ओम, समांतर जोडल्या तर २ ओम. असे दोन वूफर घेतले तर चारही कॉइल समांतर जोडून १ ओम, किंवा प्रत्येक वूफरच्या कॉइल एकामागे एक आणि मग दोन वूफर समांतर जोडून ४ ओम. बाजारातले एकच चॅनल असलेले बरेच ॲम्प्लिफायर १ ओमला आपली पूर्ण ताकद देतात. म्हणून गिऱ्हाईक "कमी ओम तेवढं जोरात" असा सोपा अर्थ काढून २ ओमच्या दोन कॉइलवाले दोन वूफर उचलतं, आणि घरी येऊन कळतं की चार कॉइलचं काहीही केलं तरी अर्धा, २ किंवा ८ ओमच होतात. अर्ध्यावर ॲम्प्लिफायर बंद पडतो, २ ओमवर पूर्ण ताकद मिळत नाही. १ ओम हवा असेल तर एकच वूफर २ ओमच्या कॉइलींचा घ्यावा, दोन घ्यायचे तर ४ ओमच्या कॉइलींचे. हे खरेदीपूर्वी कागदावर मांडायला हवं. मल्टिमीटर लावल्यावर ४ ओमची कॉइल ३.२ ते ३.६ ओम दाखवते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नये. छापलेला आकडा चालू आवाजासाठीचा असतो.

दोन कॉइलींपैकी एक उलटी जोडली गेली तर काय होतं? एक कॉइल पडदा पुढे ढकलते, दुसरी तितक्याच जोरानं मागे ओढते. पडदा जवळपास हलतच नाही, आवाज येत नाही, आणि आत गेलेली सगळी वीज उष्णता होऊन कॉइल भाजते. "नवीन वूफर आवाजच देत नाही" म्हणून गेन वाढवत नेणारा माणूस थोड्याच वेळात जळका वास घेतो. आवाज नसेल तर आधी सगळं बंद करून टोकं तपासावीत.

आता बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर. ५०० वॅटचा डी क्लास ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात त्याला ६२५ वॅट लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला हे ४५ अँपिअर होतात. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७० ते ९० अँपिअरच्या आसपासचा, आणि त्यातच एसीचा पंखा आणि दिवे. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, म्हणून गाडा चालतो. पण ठोक्याला लागणारे ४५ अँपिअर ५ मीटर लांब ८ गेजच्या तांब्याच्या वायरीतून नेले तर वाटेतच जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो; ४ गेजच्या वायरीत ०.२ व्होल्टच्याही आत. स्वस्त किटमधली वायर वरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणजे ८ गेजला गळती ०.७ व्होल्टवर. टोक कापून नखानं खरवडलं की चंदेरी रंग दिसतो. काही किटांत जाड प्लॅस्टिकच्या आत वायर अगदीच बारीक असते. बाहेरून बोटानं चाचपून ते कळत नाही.

या वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी असतो असा समज आहे. हा फ्यूज वायरीसाठी असतो. बोनेटखालून वायर आत नेताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रॉमेट नसेल, तर पत्र्याची धार आवरण कापते, प्लस थेट बॉडीला लागतं आणि शेकडो अँपिअर धावतात. फ्यूज डिकीत, ॲम्प्लिफायरच्या शेजारी लावला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली. मायनस मात्र जितका आखूड तितका बरा. डिकीत बॉडीच्या जाड पत्र्यावरचा रंग लख्ख घासून, थिंबल नीट दाबून, बोल्ट आवळायचा. रंगावरच स्क्रू मारलेला मायनस थोडे दिवस चालतो आणि मग ठोक्याला ॲम्प्लिफायर फट्कन बंद होऊ लागतो. लोक ॲम्प्लिफायर बदलतात, स्क्रू तसाच राहतो. पॉवरची वायर एका बाजूनं आणि स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या आरसीएच्या वायरी दुसऱ्या बाजूनं न्याव्यात, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

सगळं बसलं की राहतो तो शेवटचा प्लस-मायनस, जो कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. पुढचे दारातले स्पीकर तुमच्यापासून १ मीटरवर, वूफर २.५ मीटरवर. दीड मीटरच्या फरकानं वूफरचा आवाज ४.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ८० हर्ट्झची एक लाट १२.५ मिलिसेकंदांची, म्हणजे वूफर एक तृतीयांशाहून जास्त लाट मागे, कोनात मांडलं तर १२६ अंश. दोन सारख्या आवाजांत एवढा फरक असला की दोघांची बेरीज एकट्या आवाजापेक्षाही किंचित कमी भरते. वूफरच्या वायरी उलट्या केल्या की फरक ५४ अंशांवर येतो आणि बेरीज एकट्याच्या पावणेदोन पट होते. प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडणारा माणूस इथे फसतो. खालचे सूर वूफरला आणि वरचे पुढच्या स्पीकरांना वाटून देणारे क्रॉसओव्हरचे फिल्टरही आपापले अंश त्यात मिसळतात, त्यामुळे कागदावर उत्तर ठरवत बसण्यात अर्थ नाही. काचा बंद करून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, फोनवरून ८० हर्ट्झचा सूर लावायचा, आणि दुसऱ्या कोणाला तरी ॲम्प्लिफायर बंद करून वायरी फिरवून पुन्हा चालू करायला सांगायचं. ज्यात जास्त ऐकू येईल ते ठेवायचं. बरोबर जुळलं की ढोलकी डिकीतून वाजत नाही, डॅशबोर्डवर वाजते. स्टिरिओमध्ये डिले देण्याची सोय असेल तर तो पुढच्या स्पीकरांना द्यायचा. वूफर आधीच उशिरा आहे, त्याला आणखी मागे टाकणारेही महाभाग असतात.

मुंबई-पुण्यातल्या निम्म्या मित्रांचा यावरचा आक्षेप ठरलेला: डिकीत सीएनजीची टाकी आहे, खोका ठेवू कुठे? ६० लिटरच्या टाकीनंतर हॅचबॅकच्या डिकीत उरते ती एखादी बॅग. टाकीच्या ब्रॅकेटला स्क्रू मारणं किंवा गॅसच्या नळीजवळून वायर नेणं हा विषयच काढू नये. अशा गाडीला सीटखालचा, आतच ॲम्प्लिफायर असलेला ८ इंची वूफर बरा. त्याचं तोंड बहुधा खाली असतं, म्हणून रबरी पायांखाली जाड मॅट घुसू देऊ नये. तिथे बसवताना सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून पाहावी, कारण सीटच्या रुळात सापडलेली वायर सुरुवातीला ठीक वाजते आणि मग कधीतरी फ्यूज उडवते. आणि सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे असतात. त्यांना सोडवू नये, त्यांतून वीज घेऊ नये, त्यांच्या वायरींना आपली वायर टेपनं गुंडाळूही नये.